चूक वैमानिकाचीच?

आमच्या परभणीत एखादी बस उलटली की पानटपरीवर निकाल तयार असतो: ड्रायव्हर प्यायला असणार! ब्रेक शेवटचे कधी तपासले, हे कुणी विचारत नाही.

परवा ऑस्प्रेबद्दल वाचताना हेच आठवलं. हेलिकॉप्टरसारखं उभं उडून पुढे विमान होणारं हे अमेरिकन यंत्र नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानच्या याकुशिमा बेटाजवळ कोसळलं, आठ जण गेले. गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकाला तडा गेला होता. तरी चौकशी अहवालात वैमानिकाच्या निर्णयावरही बोट ठेवलंच. इशारे मिळूनही तो लगेच उतरला नाही, हे खरं. पण तडा त्याने पाडला होता का?

आपल्याकडे वेगळं काय? अभिजित गाडगीळ २००१ मध्ये सुरतगडला मिग-२१ कोसळून गेला. ठपका मुलावर आला, तेव्हा आई कविता गाडगीळ गप्प बसल्या नाहीत. २०१२ मध्ये संसदेत सरकारनेच सांगितलं: ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातग्रस्त, १७१ वैमानिक मृत्युमुखी. एवढ्या सगळ्यांना उडवताच येत नव्हतं? मला नाही पटत.

माणूस चुकतो, मान्य. पण १९६३ साली आलेलं मिग-२१ निवृत्त व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. नवं विमान वेळेवर न देणं ही कुणाची चूक? मेलेला वैमानिक उलट बोलत नाही, म्हणून तो सोयीचा. फायलीवर बसून राहिलेल्याचं नाव कुठल्या अहवालात येतं, सांगा बरं?