नाक वर, पण किती?

मंडळी, आमच्याकडे कोलोरॅडोत पिकअप ट्रक घेतला की दोन गोष्टी ओघाने येतातच. मोठे टायर आणि पुढचं नाक उचलणारे लेव्हलिंग शॉक. आपल्या देशी लोकांनाही हल्ली ही बाधा झाली आहे. लंच टेबलवर प्रश्न एकच, "किती इंच उचलतो रे?" माझं म्हणणं असं की मुळात हा प्रश्नच चुकीचा आहे.

आधी नाक खाली का असतं ते बघू. रिकाम्या ट्रकची मागची बाजू मुद्दाम थोडी उंच ठेवलेली असते. हौद्यात सामान भरलं, ट्रेलर जोडला की मागची बाजू बसते आणि गाडी सपाट होते. म्हणजे हा बग नाही, फीचर आहे! रिकामा ट्रकच सपाट केला, तर भरल्यावर तो नाक वर करून चालणार आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाणार. नॉर्थ कॅरोलायनात तर सस्पेन्शन बदलून पुढचा फेंडर मागच्यापेक्षा ४ इंच किंवा जास्त उंच करायला २०२१ पासून कायद्याने बंदी आहे. लेव्हलिंगवाले सहसा तिथवर जात नाहीत, पण दिशा तीच.

आता टायरचं गणित. २६५/७० आर १७ या टायरचा व्यास सुमारे ३१.६ इंच, २८५/७० आर १७ चा ३२.७. मागच्या डिफरन्शियलची जमिनीपासूनची उंची वाढते ती या फरकाच्या निम्मी, साधारण १४ मिलिमीटर. पुढचे शॉक कितीही उचला, मागचा अ‍ॅक्सल त्याहून तसूभरही वर जात नाही. वर स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा खरा वेग ६२ झालेला असेल, ते वेगळंच.

बिल्स्टीन ५१०० सारख्या शॉकच्या नळीवर खाचा असतात. स्प्रिंगची बैठक वरच्या खाचेत बसवली की नाक वर. पण शॉकची एकूण चाल तेवढीच राहते. चाकाला खाली जायला उरलेली जागा मात्र कमी होते, आणि खड्ड्यात चाक सुटलं की "खाट्"! ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो, अलाइनमेंट नव्याने करावी लागते. आणि खरी गंमत पुढेच आहे. सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की चाक पूर्वीच्याच जागी पोचतं. म्हणजे तिथे घासणारा टायर नाक उचलूनही घासणारच! त्याचा इलाज टायरच्या रुंदीत आणि रिमच्या ऑफसेटमध्ये आहे, उंचीत नाही.

मग शॉक बदलायचेच नाहीत का? बदला की! पण कारण वेगळं हवं. मोठा टायर जड असतो. ते वाढीव वजन खड्ड्यातून उसळलं की त्याला आवरायचं काम शॉकचं. उंची स्प्रिंग देते, शॉक फक्त उसळी जिरवतो. मोनोट्यूब शॉकमध्ये तेलावर नायट्रोजनचा दाब असतो, त्यामुळे तेलाला फेस कमी येतो आणि उष्णता नळीतून लगेच बाहेर पडते. कच्च्या रस्त्यावर तासभर चालवल्यावर हा फरक कळतो.

म्हणून माझा क्रम असा: आधी ट्रकवर नेहमी किती ओझं असतं ते ठरवा, मग टायर, मग तो टायर पेलणारे चारही शॉक. खाच सगळ्यात शेवटी, आणि त्यातही काम भागेल अशी सगळ्यात खालची. सेटिंग दिलंय म्हणून शेवटच्या टोकाला न्यायची आपली इंजिनीयर मंडळींची खोड इथे आवरा. आणि एक विनंती, हे काम गराजवाल्याकडूनच करून घ्या. दाबलेली स्प्रिंग हातातून सुटली तर जिवावर बेतू शकतं, बरं का.

पार्किंगमध्ये ट्रक कसा दिसतो हे बघायला चार जण असतात. तो भरलेला, रात्रीच्या पावसात, घाटात कसा उतरतो हे मात्र आत बसलेल्यांनाच भोगावं लागतं. निवड कुणासाठी करायची, ते तुम्हीच ठरवा.