कवटीवरची गाठ आणि घाईचा निवाडा

कुत्र्याच्या कवटीच्या हाडाला होणाऱ्या कर्करोगावर इलाज आहे. एका लेखात ‘डोक्यात कॅन्सर, मग झोपवण्यावाचून पर्याय काय’ असा जो सूर लागला, तो चुकीचा आहे आणि कुत्र्यांच्या जिवावर उठणारा आहे.

या हाडात दोन गाठी प्रामुख्याने आढळतात: ऑस्टिओसार्कोमा आणि मल्टिलोब्युलर ऑस्टिओकॉन्ड्रोसार्कोमा. दुसरी साधारण आठ वर्षांच्या, मध्यम ते मोठ्या कुत्र्यांत दिसते. ती टणक असते, हळूहळू वाढते आणि एक्स-रेत फुटलेल्या लाह्यांसारखी दिसते. ‘मार लागला असेल’ म्हणून महिनोन्महिने दुर्लक्ष होते ते हिच्याकडेच. तोवर गाठ आतल्या बाजूने वाढून मेंदूवर दाब आणते, झटके येऊ लागतात, डोळा बाहेर येतो.

पहिला उपाय शस्त्रक्रिया. आधी सीटी स्कॅन हवाच. गाठ आत किती शिरली आहे हे वरून चाचपून कळत नाही. छातीचीही तपासणी हवी, कारण हा रोग फुप्फुसांत पसरतो. सर्जन गाठीभोवतीच्या निरोगी हाडासकट ती काढतो. पोकळी मोठी असेल तर टायटॅनियमची जाळी किंवा बोन सिमेंट वापरतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, मल्टिलोब्युलर गाठ असलेल्या ३९ कुत्र्यांच्या अभ्यासात उपचारांनंतर ४७ टक्क्यांत गाठ त्याच जागी परतली, ५६ टक्क्यांत रोग इतरत्र पसरला. तरीही जगण्याचा मध्यक काळ दोन वर्षांच्या पुढे होता. दोन वर्षे! आठ वर्षांच्या कुत्र्यासाठी हा आयुष्याचा मोठा हिस्सा आहे, आणि तो सीटी न करताच नाकारला जातो.

गाठीची ग्रेड, म्हणजे ती किती आक्रमक आहे याची श्रेणी, पाहिल्याशिवाय तर कोणी भाकीत करूच नये. पहिल्या ग्रेडमध्ये गाठ परतण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के, तिसऱ्यात ७८.

कडा स्वच्छ निघाल्या नाहीत किंवा शस्त्रक्रिया अशक्य असेल तर रेडिएशन. प्रत्येक वेळी भूल द्यावी लागते, खर्च मोठा असतो आणि आपल्याकडे ही सोय दुर्मीळ आहे. केमोथेरपीचा फायदा ऑस्टिओसार्कोमात अपेक्षित असतो. मल्टिलोब्युलर गाठीत तो सिद्ध झालेला नाही.

काहीच शक्य नसेल तेव्हा वेदनाशमन: मेलोक्सिकॅम, गॅबापेंटिन, हाडाच्या दुखण्यासाठी झोलेड्रोनेट. मेंदूची सूज असेल तर स्टेरॉइड, पण मेलोक्सिकॅमसोबत कधीही नाही. याच टप्प्यावर घरातली माणसांची आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याला दिली जाते. तिने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. औषधांच्या दुकानांत ही गोळी कुत्र्यासाठी मागितली, तरी हे सांगणारे कोणी नसते. दुकानदारांच्या संघटनांनी हे मनावर घ्यायला हवे.