याकूत आला कुठून?

मागच्या महिन्यात भाच्याच्या मंगनीसाठी अंगठी घ्यायला अकोल्याच्या सराफ्यात गेलो होतो. पुरुषाला सोनं चालत नाही, म्हणून चांदीत याकूत बसवून घ्यायचं आपाचं ठरलेलं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, अस्सल बर्मा माणिक हाय. जयपूरहून मागवलं." त्याच्या लेखी बर्मा ही दर्जाची खूण. मला २०१७ आठवलं.

त्या ऑगस्टनंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात पळाले. जुमाच्या नमाजनंतर आपण त्यांच्यासाठी दुआ केली, अनेकांनी पैसेही दिले. दोन वर्षांनी, २०१९ साली, संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने म्यानमारच्या लष्कराच्या धंद्यांवर अहवाल दिला. लष्कराच्या मालकीच्या कंपन्यांकडे जेड आणि माणकाच्या खाणींचे परवाने आहेत, असं त्यात नोंदवलं आहे. म्हणजे ज्या फौजेने त्यांना हाकललं, तिच्या तिजोरीत आपल्या मंगनीचा पैसाही जाऊ शकतो.

"सर्टिफिकेट आहे ना!" असं भाचा म्हणाला. ते सर्टिफिकेट खडा खरा आहे आणि वजन इतकं आहे, एवढंच सांगत होतं. 'रक्ताचे हिरे' रोखण्यासाठी २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया आहे, पण ती फक्त कच्च्या हिऱ्यांपुरती. त्यातही बंडखोरांनी सरकारविरुद्धच्या लढाईसाठी विकलेले हिरेच मोजले जातात. सरकारच्या फौजेनेच जुलूम केला तर? झिंबाब्वेच्या मारांगे खाणीत २००८ साली तेच झालं. माणिक, पाचू, नीलम तर या हिशेबातच नाहीत.

मोगोकला हातानं माती चाळून पोट भरणारेही आहेत. आपण खडा नाकारला तर झळ त्यांनाही बसेल, हे मला मान्य आहे. तरीही माल कुठला हे सांगता येत नसेल, तर तो मी घेणार नाही. मटण घेताना कुणी आणि कसं कापलं हे विचारायला आपण लाजत नाही.

माणिक कारखान्यातही बनतं, गेली शंभरेक वर्षं. आपाला ते 'नकली' वाटलं. शेवटी नानांची जुनी अकीकची अंगठी भाच्याच्या मापाची करून घेतली.

निघताना दुकानदाराने जयपूरच्या व्यापाऱ्याला फोन लावला. "गिऱ्हाईक इचारते, खाण कोणाची?" पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.