विश्लेषण : ५१ पैकी ५१ जागा एकाच पक्षाला, मग प्रश्न विचारणार कोण? लंडनच्या एका बरोचा निकाल काय सांगतो?

लंडनमधील ३२ बरोंच्या कौन्सिलसाठी ५ मे २०२२ रोजी मतदान झाले. बरो म्हणजे सोप्या भाषेत शहरातली स्वतंत्र महापालिकाच. निकालानंतर सर्वाधिक चर्चा झाली ती वेस्टमिन्स्टर आणि वॉन्ड्सवर्थची. वेस्टमिन्स्टर १९६४ मधील पहिल्या निवडणुकीपासून हुजूर पक्षाच्या ताब्यात होते, तर वॉन्ड्सवर्थ १९७८ पासून. दोन्ही ठिकाणी मजूर पक्षाने सत्ता खेचून घेतली. बार्नेटही मजूर पक्षाकडे गेले.

या गदारोळात पूर्व लंडनमधील एका बरोचा निकाल फारसा कोणाच्या नजरेत आला नाही. बार्किंग अँड डॅगनम येथे मजूर पक्षाने ५१ पैकी ५१ जागा जिंकल्या. २०१०, २०१४ आणि २०१८ या तिन्ही निवडणुकांतही तेथे हाच निकाल लागला होता. म्हणजे सलग चौथ्यांदा मतदारांनी निवडून दिलेल्या सभागृहात विरोधी पक्षाचा एकही सदस्य नव्हता. दक्षिण लंडनमधील ल्युइशम येथेही २०२२ मध्ये मजूर पक्षाला ५४ पैकी ५४ जागा मिळाल्या.

वरवर पाहता हा घवघवीत विजय आहे. मात्र १०० टक्के जागा मिळाल्या म्हणजे १०० टक्के मतदार पाठीशी आहेत, असे होत नाही. मते आणि जागा यांच्यात एवढी तफावत का पडते, हे समजून घेणे महाराष्ट्रातील मतदारांसाठीही गरजेचे आहे. मुंबई वगळता राज्यातील महापालिकांत २०२२ मध्ये येऊ घातलेली तीन सदस्यांच्या प्रभागाची पद्धत लंडनच्या पद्धतीशी बरीच मिळतीजुळती होती.

बार्किंग अँड डॅगनम : १२ वरून शून्यावर

हा कामगारांचा भाग. १९२१ पासून लंडनच्या तत्कालीन कौन्सिलने येथे बेकन्ट्री ही प्रचंड मोठी सरकारी वसाहत उभारली. १९३१ मध्ये फोर्डचा मोटार कारखाना सुरू झाला. या कारखान्यातील मोटारींची जुळणी २००२ मध्ये थांबली. दुसरीकडे, राहत्या भाडेकरूंना सरकारी घरे विकण्याच्या धोरणामुळे कौन्सिलकडची घरे कमी होत गेली. त्याच काळात लोकसंख्याही झपाट्याने बदलली. २००१ च्या जनगणनेत श्वेतवर्णीय ब्रिटिश रहिवासी ८० टक्क्यांच्या आसपास होते, २०११ मध्ये ते निम्म्याहून खाली आले.

घर मिळत नाही, हा राग खराच होता. त्याचा फायदा अतिउजव्या, वंशवादी ब्रिटिश नॅशनल पार्टीने (बीएनपी) उठवला. २००६ मध्ये या पक्षाने येथे १३ उमेदवार उभे केले आणि त्यांपैकी १२ निवडून आले. मजूर पक्षाच्या ३८ जागांसमोर तो थेट मुख्य विरोधी पक्ष बनला.

चार वर्षांनी, ६ मे २०१० रोजी, कौन्सिल आणि संसद अशा दोन्ही निवडणुका एकाच दिवशी झाल्या. बीएनपीचे नेते निक ग्रिफिन स्वतः बार्किंगमधून संसदेसाठी उभे होते. मजूर पक्षाच्या मार्गारेट हॉज यांनी त्यांचा दणदणीत पराभव केला. कौन्सिलमध्ये तर बीएनपीची पाटीच कोरी झाली. १२ जागा शून्यावर आल्या आणि मजूर पक्षाला सर्व ५१ जागा मिळाल्या.

द्वेषाच्या राजकारणाला मतदारांनी दिलेले हे उत्तर होते, यात शंका नाही. पण आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. त्याच दिवशी बार्किंग मतदारसंघात ग्रिफिन यांना १४.६ टक्के मते पडली होती. म्हणजे मते नाहीशी झाली नव्हती. जागा मात्र एकही उरली नाही. जी पद्धत २००६ मध्ये या पक्षाला १३ पैकी १२ जागा देऊन गेली, तिनेच २०१० मध्ये त्याला पुसून टाकले. ध्वनिक्षेपक जसा बोलणारा कोण हे न पाहता आवाज मोठा करतो, तशी ही पद्धत मतांमधला छोटा फरक जागांमध्ये मोठा करून दाखवते. त्याचा फायदा कधी एकाला होतो, कधी दुसऱ्याला.

हे नेमके कसे घडते?

लंडनच्या बरोंमध्ये बहुतेक वॉर्ड दोन किंवा तीन सदस्यांचे असतात. बार्किंग अँड डॅगनममध्ये आधी प्रत्येकी तीन सदस्यांचे १७ वॉर्ड होते. २०२२ मध्ये फेररचनेनंतर दोन किंवा तीन सदस्यांचे १९ वॉर्ड झाले, एकूण जागा ५१ च राहिल्या. तीन सदस्यांच्या वॉर्डात मतदाराला तीन मते असतात. सर्वाधिक मते मिळवणारे पहिले तीन उमेदवार विजयी होतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वॉर्डात १० हजार जणांनी मतदान केले. साडेचार हजार जणांनी आपली तिन्ही मते ‘अ’ पक्षाच्या तीन उमेदवारांना दिली. साडेतीन हजार जणांनी ‘ब’ पक्षाला आणि दोन हजार जणांनी ‘क’ पक्षाला. ‘अ’ पक्षाच्या तिन्ही उमेदवारांना प्रत्येकी ४,५०० मते मिळाली, म्हणून तिन्ही जागा ‘अ’ पक्षाच्या. ‘अ’ला मत न देणारे ५५ टक्के मतदार रिकाम्या हाताने परतले.

हेच चित्र १७ वॉर्डांत सारखे राहिले, तर ४५ टक्के मतांवर ५१ पैकी ५१ जागा मिळू शकतात. यात कोणतीही हेराफेरी नाही, मतदान यंत्रात किंवा मोजणीत गडबड नाही. नियमच तसा आहे. पक्षाची मते शहरभर सारखी पसरलेली असतील, तर हा नियम त्याला भरभरून देतो.

एकसदस्यीय वॉर्डातही मते आणि जागांमध्ये तफावत पडतेच. मात्र वॉर्ड लहान असल्याने एखाद्या वस्तीत जोर असलेला छोटा पक्ष किंवा अपक्ष निवडून येण्याची शक्यता जास्त असते. तीन-चार वस्त्या एकत्र केल्या की तो जोर पातळ होतो.

विरोधक नसल्याने काय बिघडते?

घरे, शाळा, वृद्धांची देखभाल, कचरा, बांधकाम परवानग्या, स्थानिक कर ही सगळी कामे बरोकडे असतात. २००० च्या कायद्यानुसार बहुतेक ठिकाणी मोजक्या सदस्यांचे कॅबिनेट निर्णय घेते आणि उरलेल्या सदस्यांच्या छाननी समित्या त्या निर्णयांची तपासणी करतात. समित्यांतील जागा सभागृहातील पक्षीय बळाच्या प्रमाणात वाटल्या जातात.

आता ५१ पैकी ५१ सदस्य एकाच पक्षाचे असतील, तर निर्णय घेणारे आणि तो तपासणारेही एकाच पक्षाचे. चांगले नगरसेवक आपल्या नेत्यालाही अडचणीचे प्रश्न विचारतात, हे खरे. पण पुढच्या वेळी तिकीट देणारा पक्ष तोच असतो, हेही तितकेच खरे. बैठका खुल्या असतात, कागदपत्रे संकेतस्थळावर असतात. तरी ती चाळून ‘हे कंत्राट याच कंपनीला का?’ असे सभागृहात उभे राहून विचारण्यात ज्याचा राजकीय फायदा आहे, असा माणूसच तेथे नसतो.

याचा हिशेब मांडण्याचा प्रयत्न २०१५ मध्ये झाला. इलेक्टोरल रिफॉर्म सोसायटी या ब्रिटनमधील संस्थेसाठी केंब्रिज विद्यापीठातील संशोधक मिहाली फाझेकास यांनी २००९ ते २०१३ दरम्यानची सव्वा लाखाहून अधिक सरकारी कंत्राटे तपासली. एका पक्षाचे वर्चस्व असलेल्या कौन्सिलमध्ये कंत्राटांतील गैरव्यवहाराचा धोका सुमारे ५० टक्के अधिक असल्याचे त्यांना आढळले. वर्षाला २.६ अब्ज पौंड वाया जात असावेत, असा अंदाजही अहवालात होता. ही संस्था निवडणूक पद्धत बदलण्याची मागणी करणारी आहे, हे लक्षात ठेवायला हवे. ‘धोका’ म्हणजे सिद्ध झालेला भ्रष्टाचार नव्हे, हेही. तरीही विरोधक नसणे फुकट पडत नाही, एवढे त्यातून दिसते.

त्याच दिवशी ग्लासगोत काय झाले?

५ मे २०२२ रोजीच स्कॉटलंडमध्येही कौन्सिल निवडणुका झाल्या. ग्लासगो शहरात स्कॉटिश नॅशनल पार्टीला ३७, मजूर पक्षाला ३६, ग्रीन पक्षाला १० आणि हुजूर पक्षाला २ जागा मिळाल्या. तेथेही तीन-चार सदस्यांचे वॉर्ड आहेत. फरक मोजणीच्या नियमात आहे.

२००३ पर्यंत ग्लासगोत एकसदस्यीय वॉर्ड होते. त्या वर्षी मजूर पक्षाने निम्म्याहून कमी मतांवर ७९ पैकी ७१ जागा जिंकल्या. २००७ पासून स्कॉटलंडने बहुसदस्यीय वॉर्ड आणि पसंतीक्रमाची पद्धत आणली. मतदार उमेदवारांना १, २, ३ असे क्रम देतो. तीन जागांच्या वॉर्डात साधारण २५ टक्के मतांचा कोटा गाठला की जागा मिळते, कोट्यावरची जादा मते पुढच्या पसंतीकडे जातात. आपल्याकडे विधान परिषद आणि राज्यसभेच्या निवडणुकीत हीच पद्धत वापरली जाते. २००७ मध्ये ग्लासगोत मजूर पक्ष ४५ जागांवर आला. तो बहुमतात राहिला, पण समोर ३४ विरोधक बसले.

वरच्या काल्पनिक वॉर्डात हा नियम लावला, तर ‘अ’ आणि ‘ब’ला प्रत्येकी एक जागा नक्की मिळते आणि तिसरी कोणाची, हे पुढच्या पसंतींवर ठरते. तिन्ही जागा ‘अ’ला मिळणे शक्यच नाही.

महाराष्ट्राशी संबंध काय?

मुंबई, पुणे, नागपूरसह अनेक महापालिकांत मार्च २०२२ पासून प्रशासक होते. ४ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांचा कार्यक्रम दोन आठवड्यांत जाहीर करण्याचे आदेश राज्य निवडणूक आयोगाला दिले. त्यामुळे महापालिका निवडणुका पुन्हा चर्चेत आल्या होत्या.

मुंबईत एक वॉर्ड, एक नगरसेवक हीच पद्धत राहणार होती. इतर महापालिकांत तत्कालीन महाविकास आघाडी सरकारने तीन सदस्यांचा प्रभाग ठरवला होता. पुण्यात ५८ प्रभागांतून १७३ नगरसेवक निवडले जाणार होते. पुणेकरांना २००२ मध्ये तीनचा, २००७ मध्ये एकचा, २०१२ मध्ये दोनचा आणि २०१७ मध्ये चारचा प्रभाग मिळाला. प्रत्येक वेळी सत्तेतील पक्षांनी आपल्या सोयीचे गणित मांडले, अशी टीका विरोधकांनी केली. विरोधक सत्तेत आले की टीका करणारे बदलले.

लंडन आणि महाराष्ट्र यांत एक फरक आहे. आपल्याकडे प्रभागातील अ, ब, क या जागा स्वतंत्र असतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांचे आरक्षण जागेनुसार असते आणि प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण दाबावे लागते. तरीही परिणाम त्याच दिशेचा असतो. मतदार चिन्ह पाहून एकाच पक्षाची सगळी बटणे दाबत गेला, तर अख्खे पॅनेल निवडून येते. मोठ्या प्रभागात प्रचाराचा खर्च वाढतो आणि अपक्ष मागे पडतात. नागपुरात २०१७ मध्ये भाजपला १५१ पैकी १०८ जागा मिळाल्या. स्वीकृत नगरसेवकांची तरतूदही येथे मदतीला येत नाही, कारण त्या जागाही पक्षीय बळानुसारच वाटल्या जातात.

मग उपाय काय?

बार्किंगचा अनुभव दोन्ही बाजूंनी पाहायला हवा. प्रमाणानुसार जागा देणारी पद्धत असती, तर २०१० मध्ये बीएनपीचे काही सदस्य कदाचित सभागृहात उरले असते. नको त्या विचाराच्या पक्षालाही त्याच्या मतांएवढी जागा मिळते, ही त्या पद्धतीची किंमत आहे. स्पष्ट बहुमतामुळे जबाबदारी कोणाची हे कळते, हा सध्याच्या पद्धतीचा फायदाही नाकारता येत नाही.

पण बहुसदस्यीय प्रभाग आणि सर्वाधिक मतांना सगळे, ही जोडी दोन्हींकडचे दोष एकत्र आणते. एकसदस्यीय वॉर्डात ‘आमचा नगरसेवक कोण’ हे निदान ठाऊक असते. प्रमाणशीर पद्धतीत अल्पमतालाही आवाज मिळतो. तीन सदस्यांच्या प्रभागात तुंबलेल्या गटाराची तक्रार तिघांपैकी नेमकी कोणाकडे करायची हे कळत नाही, आणि तिघेही एकाच पक्षाचे असले तर त्यांना जाब विचारणारा चौथाही नसतो.

म्हणून प्रभाग करायचेच असतील, तर मोजणीची पद्धतही बदलावी. आरक्षणाच्या जागांशी तिचा मेळ घालणे अवघड आहे, पण त्यावर चर्चाही होत नाही. ते जमणार नसेल, तर राज्यभर एक वॉर्ड, एक नगरसेवक हा नियम करावा आणि तो दर पाच वर्षांनी बदलता येणार नाही अशी कायद्यात तजवीज करावी. तोपर्यंत राज्य निवडणूक आयोगाने एवढे तरी करावे : निकालाच्या दिवशी जागांच्या तक्त्याशेजारी प्रत्येक पक्षाला मिळालेल्या मतांची टक्केवारीही प्रभागनिहाय प्रसिद्ध करावी. त्याला कायदा बदलावा लागत नाही.