शाळेत हलगी वाजली पाहिजे, पण ती कोणाच्या हातात?

महाळुंगे, नाणेकरवाडी, खराबवाडी, कुरुळी, चिखली, भोसरी. या पट्ट्यातील जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जा आणि हजेरीपट वाचा. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, कर्नाटकातून आलेल्या कामगारांची मुले एकाच बाकावर बसलेली दिसतील. बाप कंपनीत कंत्राटी, आई दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी किंवा बांधकामावर, आणि घर म्हणजे दहा बाय दहाची भाड्याची खोली. या मुलांसमोर वेगवेगळ्या संस्कृतींचे वादक-गायक आणावेत, त्यातून त्यांना प्रेरणा मिळावी, हा विचार आम्हाला मान्य आहे. प्रश्न एवढाच आहे की संस्कृती कोणती आणि ती ठरवणार कोण?

आजवर हे कोणी ठरवले, ते पाहू. १९७७ साली किरण सेठ यांनी दिल्लीच्या आयआयटीतून 'स्पिक मॅके' सुरू केले. मोठमोठे कलावंत शाळा-कॉलेजांत जाऊन विद्यार्थ्यांसमोर बसले, ही लहान गोष्ट नाही. पुढे त्यात लोककलाही आल्या. पण या चळवळीचा कणा शास्त्रीय संगीताचाच राहिला. शास्त्रीय संगीत वाईट, असे आमचे म्हणणे नाही. राग कोणाच्या मालकीचा नाही आणि कामगाराच्या मुलीनेही सतार ऐकली पाहिजे, जमली तर शिकली पाहिजे. आमचे भांडण वेगळे आहे. त्या मुलीच्या घरात, वस्तीत, गावात जे वाजते त्याला शाळा 'संगीत' म्हणत नाही, 'वरातीचे वाजप' म्हणते. म्हणजे मुलीला नकळत शिकवले जाते की संस्कृती बाहेरून येते आणि तुझ्या घरात ती नसते.

खरे काय आहे? आपली हलगी घ्या. गोल कडे, त्यावर ताणलेले कातडे, एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक काडी. वाजवण्याआधी विस्तवावर शेकून ती कडक करायची. आता तमिळनाडूची पराई पाहा, तेलंगणाचा डप्पू पाहा, कर्नाटकाची तमटे पाहा. तेच कडे, तेच कातडे, तोच विस्तव. आणि वाजवणाराही तोच, गावाबाहेर ठेवलेला माणूस. पश्चिम ओडिशात लग्नात ढोल, निसान, ताशा आणि मुहुरी वाजते, ती परंपरेने गांडा या अनुसूचित जातीच्या वादकांनी जिवंत ठेवली. ज्यांच्या भाषा एकमेकांना कळत नाहीत, त्यांचा ठेका मात्र एकमेकांना कळतो. चाकणच्या एका वर्गात हे सगळे ठेके एकत्र बसलेले आहेत. त्यांना कोणी वाजवायला सांगत नाही, एवढेच.

आता चळवळीतीलच एक आक्षेप. ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील, बाबासाहेबांनी गावकीची, वतनाची कामे सोडायला सांगितली. आपल्या बापजाद्यांनी हलगी खुंटीला टांगली ती स्वाभिमानासाठी. तीच तुम्ही पुन्हा पोरांच्या हातात देणार काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. ज्यांना शिळ्या भाकरीसाठी दुसऱ्याच्या दारात वाजवावे लागले, त्यांनी वाद्य खाली ठेवले तो संपच होता. तमिळनाडूतही कितीतरी गावांत दलितांनी सवर्णांच्या मयताला पराई वाजवायला नकार दिला आणि त्यासाठी मार खाल्ला.

पण पुढे तिथे काय झाले तेही पाहिले पाहिजे. तीच पराई पुढच्या पिढीने सभेत, मोर्चात, रंगमंचावर उचलली. २०१७ साली दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांनी चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभे केले. गाना गाणारे, पराई वाजवणारे, रॅप करणारे आणि गिटार वाजवणारे एका मंचावर आले, आणि गाणी झाली जातीवर आणि आरक्षणावर. वाद्य तेच होते, नाते बदलले होते. सक्ती होती तोवर ती गुलामी होती, स्वतःच्या मर्जीने उचलले तेव्हा ती कला झाली. म्हणून शाळेत हलगी आणायची तर पहिली अट हीच असली पाहिजे की ती कोणाच्याही जातीला चिकटलेली नसावी. 'तुमच्याकडे वाजवतात ना, मग तू वाजव', असे ज्या दिवशी एखाद्या मुलाला सांगितले जाईल त्या दिवशी तो कार्यक्रम बंद पाडायला आम्हीच पुढे असू. हलगी वर्गातील प्रत्येकाच्या हातात गेली पाहिजे, मुलींच्याही आणि पाटलाच्या पोराच्याही.

वेगवेगळ्या समाजांचे कलावंत एकत्र येणे आपल्याला नवीन नाही. १९४४ साली वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. मातंग समाजातला एक आणि मुसलमान समाजातला एक, दोघांची डफावर थाप एकच होती. अण्णाभाऊंना शाळेने जेमतेम दीड दिवस ठेवले. वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले. शाळेने ज्यांना दारात उभे केले नाही, त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला शिकवले. आज त्यांच्या वाटेने चालणारे शाहीर, गायक त्याच शाळेच्या दारातून सन्मानाने आत गेले पाहिजेत.

अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड पोटासाठी मुंबईला आलेल्या आणि बायकोला गावी सोडलेल्या माणसाची आहे. बिहारच्या सारण जिल्ह्यातील भिखारी ठाकूर न्हावी समाजातले. त्यांचे 'बिदेसिया' हे नाटक कलकत्त्याला कमवायला गेलेल्या नवऱ्याचे आणि मागे राहिलेल्या बायकोचे. दोघांची कधी भेट नाही, भाषा वेगळी, पण दुःख एकाच साच्यातले. लातूरच्या मुलाने आणि छपऱ्याच्या मुलाने ही दोन्ही एकाच दिवशी ऐकली, तर 'परप्रांतीय' या शब्दाचे विष निम्मे तिथेच उतरेल. ज्या पट्ट्यात कंत्राटदार मराठी आणि हिंदी कामगाराला एकमेकांविरुद्ध वापरतो, तिथे हे काम युनियनच्या कामाइतकेच महत्त्वाचे आहे.

मग करायचे काय? पैसा नाही, हे कारण आम्ही ऐकणार नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या कामांच्या यादीत शिक्षण आहे आणि पारंपरिक कलांचे संवर्धनही आहे. वेळ नाही, हेही ऐकणार नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना सांगितले आहेत, आणि स्थानिक कलावंतांना शिकवायला बोलावण्याची शिफारसही आहे. अधिकार नाही, असेही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. बारा तासांच्या पाळीतून पालक बैठकीला येऊ शकत नाहीत, म्हणून ठराव दुसरेच करतात.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतील शाळेच्या समितीत पालकांना पाठवावे आणि चार गोष्टींचा आग्रह धरावा. कलावंताला शाल-नारळ नको, रोख मानधन द्या. एका दिवसाचा फोटोपुरता कार्यक्रम नको, सलग काही आठवडे शिकवणी ठेवा. वाद्य बनवणाऱ्यालाही बोलवा, कारण तबल्याचे कातडे आणि हलगीचे कातडे कमावणारा हात एकच आहे, हे मुलांना कळले पाहिजे. आणि कलावंताने आपल्या श्रमाबद्दल, जगण्याबद्दल आपल्या भाषेत बोलावे, मुलांनी प्रश्न विचारावेत. जयंती मंडळांनीही डीजेच्या एका रात्रीच्या खर्चातून एका शाळेसाठी दहा हलग्या घेता येतील का, याचा हिशोब करावा.

याच पट्ट्यात, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. वर्षभराने त्या दिवशी तिथे गर्दी होते. यंदा त्या गर्दीत सगळ्या जातींची, सगळ्या भाषांची शाळकरी मुले आपल्या हाताने हलगी आणि ढोल वाजवत चालत येऊ देत. कामाला नोव्हेंबरच्या आधी लागावे लागेल.

जय भीम! जय संविधान!