भिंतीवरचा दर्या

फायद्याचा नकाशा माणसाला चटकन वाचता येतो. धोक्याचा नकाशा उघडून पाहायचेही त्याच्या जिवावर येते. कोकणच्या किनाऱ्यावर हिंडताना मला याचा वरचेवर प्रत्यय येतो.

आधी फायद्याच्या नकाशाची हकिकत सांगतो. हैदराबादला ‘इन्कॉइस’ नावाची एक सरकारी संस्था १९९९ सालापासून आहे. जिथे समुद्राचा थेंब नाही, तिथे बसून साऱ्या समुद्राची खबर ठेवायची, हा तिचा उद्योग! उपग्रह वरून पाण्याची उष्णता आणि रंग टिपतात. पाण्यात हिरवट झाक दिसली, म्हणजे तिथे सूक्ष्म वनस्पती आहेत. त्यांच्यावर बारीक जीव जगतात आणि त्यांच्या पाठोपाठ मासळी येते. थंड आणि उबदार पाणी जिथे एकमेकांस भिडते, त्या रेषेवर हे खाद्य गोळा होते. मग अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, इतक्या खोलीवर मासळीचा संभव आहे, असा निरोप मराठीतूनही निघतो. आभाळ भरून आले, की मात्र उपग्रहालाही पाणी दिसत नाही.

हर्णैच्या बंदरात एका वयस्क तांडेलांना मी विचारले, “काय मामा, खरं ठरतं का हे?”

“ठरतं की! पण मासा काय तिथं आपली वाट बघत बसत नाय. वारा, करंट बघून जाळं आपल्यालाच टाकाया लागतं.”

नकाशा कसा वाचावा, हे याहून नेमके कोणी सांगेलसे वाटत नाही.

याच संस्थेने २०१२ साली दुसरेही नकाशे काढले. तेही साऱ्या भारताच्या किनाऱ्याचे. किनारा किती झिजतो, समुद्राची पातळी किती वाढते, जमीन किती उंच, उतार किती, भूरूप कसले, लाटा केवढ्या आणि भरती-ओहोटीत अंतर किती, अशा सात गोष्टी जमेस धरून कोणत्या किनाऱ्याला किती धोका, हे त्यांत दाखवले आहे. मासळीचा निरोप ज्यांना तोंडपाठ, त्यांतल्या कितीकांना मी या नकाशांविषयी विचारले. बहुतेकांनी मान हलवली. एकाने तर उलट मलाच विचारले, “आमचं गाव त्यात तांबडं निघालं, तर उद्या आम्हाला उठवणार काय?”

हे भय मी हसण्यावारी नेणार नाही. घर, वाडी आणि होडी लावायची जागा, एवढीच ज्याची मिळकत, त्याला नकाशावरचा तांबडा रंग नोटिशीसारखाच दिसणार. शिवाय या नकाशांचे प्रमाण एकास एक लाख, म्हणजे एका सेंटीमीटरात एक किलोमीटर. अख्खे गाव करंगळीच्या नखाखाली झाकते! त्यात कोणाचे घर कुठे, हे कसे दिसावे?

ते गावालाच दाखवावे लागेल. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगडच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी झोपवल्या. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ आले. तेव्हा पाणी कोणाच्या उंबऱ्याला लागले, खाजणाचा बांध कुठे फुटला, वर चढायला कोणती पाखाडी मोकळी राहिली, अंथरुणाला खिळलेली म्हातारी कोणत्या घरात आहे, हे एकाही उपग्रहाला ठाऊक नाही. गावातल्या पोराटोरांना ठाऊक आहे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. हा नकाशा मोठा करून शाळेच्या भिंतीवर काढावा, आणि त्यात या खुणा गावाने आपल्या हाताने भराव्यात. मग उद्या बांधासाठी किंवा निवाऱ्यासाठी अर्ज करताना ‘आमच्याकडे पाणी येते’ एवढेच मोघम लिहावे लागणार नाही. कुठे, केव्हा आणि किती, हे बोट ठेवून सांगता येईल. आणि नकाशाचे नाव काढून कोणी उठवायला आलाच, तर त्याच्यापुढे ठेवायला गावाजवळ स्वतःचा नकाशा असेल.