औषधाची परीक्षा कोणावर व्हावी ?

डॉक्टरनें दिलेली गोळी आपण निःशंक मनानें गिळतों. तिची परीक्षा कोणी व कशावर केली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. परंतु तो विचारण्यासारखा आहे. आणि त्याचें जुनें उत्तर आतां बदलावें, असें आमचें मत आहे.

१९५७ सालीं पश्चिम जर्मनींत थॅलिडोमाइड नांवाचें झोपेचें औषध बाजारांत आलें. तें इतकें निर्धोक समजलें गेलें कीं, डॉक्टरच्या चिठ्ठीवांचूनही मिळे. गरोदर स्त्रियाही ओकारी थांबावी म्हणून तें घेऊं लागल्या. १९६१ च्या अखेरीस तेथें त्याची विक्री बंद झाली. परंतु या औषधापायीं जगांत १०,००० हून अधिक बालकें व्यंग घेऊन जन्मलीं. कित्येकांचे हातपाय आखूड होते, कित्येकांस ते मुळींच नव्हते. अमेरिकेंत मात्र सरकारी औषध-खात्यांतील डॉ. फ्रान्सेस केल्सी या बाईंनीं, पुरावा अपुरा आहे, म्हणून परवानगी अडवून धरिली, व तो देश बहुतांशीं वांचला.

येथें कोणी म्हणेल कीं, गाभण जनावरांवर तें औषध आधीं नीट तपासलें असतें तर हा अनर्थ टळला असता. हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. पुढें तशी परीक्षा झाली तेव्हां सशांच्या व माकडांच्या पिलांत व्यंग दिसलें. परंतु नेहमीच्या वापरांतील उंदरांच्या पिलांत तें तसें दिसेना. केवळ उंदरांवर विसंबणाऱ्यास हें औषध निर्दोषच वाटलें असतें. याचा उलगडा २०१८ सालीं झाला. अमेरिकेंतील डॅना-फार्बर संस्थेच्या संशोधकांनीं मानवी मूलपेशींवर हें औषध घालून पाहिलें, तेव्हां गर्भाचे अवयव घडण्यास अवश्य असलेलें सॅल-४ नांवाचें प्रथिन त्यांत नष्ट होतांना आढळलें. उंदरांत या प्रथिनाची घडण किंचित् निराळी असल्यामुळें तें शाबूत राहतें.

मूलपेशी म्हणजे ज्यांचें विशिष्ट काम अद्याप ठरलेलें नाहीं अशा पेशी. योग्य द्रव्यें देऊन त्यांपासून हृदयाच्या, यकृताच्या किंवा मज्जातंतूंच्या पेशी तयार करतां येतात. हृदयाच्या पेशी तर कांचेच्या बशींत आपोआप धडधडूं लागतात. औषधानें त्यांचे ठोके बिघडतात कीं काय, हें तेथेंच पाहतां येतें. १९९८ सालीं जेम्स थॉमसन यांनीं अशा पेशी मानवी भ्रूणांतून मिळविल्या, तेव्हां अनेकांच्या सदसद्विवेकबुद्धीस तें पटलें नाहीं. तो आक्षेप क्षुल्लक नव्हता. परंतु २००७ सालीं जपानच्या शिन्या यामानाका यांनीं प्रौढ मनुष्याच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकें घालून त्यांस मूलपेशींची अवस्था प्राप्त करून दिली, व तो पेंच बराचसा सुटला.

तथापि बशींतील पेशी म्हणजे संपूर्ण मनुष्य नव्हे. औषधाचें यकृतांत रूपांतर होऊन जें विष उत्पन्न होतें, तें एकट्या हृदयाच्या पेशीस कळणार कसें ? शिवाय अशा पेशी पुष्कळदां अर्भकाच्या पेशींसारख्या अपक्व राहतात. म्हणून प्राण्यांवरील सर्व प्रयोग उद्यांच बंद करावे, असें आम्ही म्हणत नाहीं. मानवी पेशींची चाळणी आधीं लागावी, इतकाच आमचा आग्रह आहे. तींत जें औषध घातक ठरेल, त्यासाठीं एकाही मुक्या प्राण्याचा जीव जाऊं नये. आणि उंदरानें पचविलें एवढ्यावरून कोणतेंही औषध गर्भवती मातेच्या हातीं पडूं नये.

कायदाही या दिशेस वळला आहे. अमेरिकेनें डिसेंबर २०२२ मध्यें प्राणी-परीक्षेची सक्ती काढून टाकली. भारत सरकारनेंही २०२३ सालीं नियम दुरुस्त करून पेशींवरील परीक्षांस वाट करून दिली. परंतु नियम छापला म्हणजे काम झालें, असें नाहीं. त्यासाठीं प्रयोगशाळा हव्यात, कसलेले हात हवेत, आणि ते आज शाळेच्या बांकांवर बसलेल्या मुलामुलींतूनच निघावयाचे आहेत. पालकांनीं आपल्या पाल्यांस शास्त्राची गोडी लावावी. आणि विद्यार्थ्यांनीं शास्त्राबरोबर केल्सीबाईंचा एक गुणही उचलावा. सारे घाई करीत असतां ‘आधीं पुरावा दाखवा’ असें शांतपणें म्हणण्यास जें धैर्य लागतें, तें कोणत्याही प्रयोगशाळेंत विकत मिळत नाहीं.